बघण्यासारखं पुष्कळ आहे

दादाच्या पायाला भिंगरी होती. ती एकट्या त्याच्या पायाला असती तर कुणाची तक्रार नव्हती. पण तो ती घरातल्या सगळ्यांच्या पायांना बांधायचा. दोन-तीन वर्षांतून एकदा तो बायको-मुलीला घेऊन परदेशातून घरी यायचा, आणि बॅगा उघडायच्या आधीच त्याचं पालुपद सुरू व्हायचं, “आलोच आहोत तर बघून घेऊ.” ज्या गावात त्याचं अख्खं लहानपण गेलं, शाळा बुडवून ज्या तळ्याकाठी तो उनाडला, तेच तळं आता तो तिकीट काढून बघायचा आणि तिकीट फाडणाऱ्यालाच तळ्याची माहिती सांगायचा.

घरी त्याची धाकटी बहीण आणि वडील, म्हणजे आप्पा, अशी दोघंच राहत. बहिणीला आपण आत्याच म्हणू, कारण दादाची मुलगी चिमणी तिला आत्या म्हणायची, आणि तिचं ऐकून निम्मी गल्लीही तेच म्हणू लागली होती. आत्याचं लग्न जमता जमता राहून गेलं होतं. आई गेल्यावर तर तो विषयच बंद झाला. एका चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, लोकांच्या नाकाकानाच्या मापाने दांड्या वाकवून द्यायच्या. काम बारीक, पण बसून करायचं, म्हणून तिला ते आवडे. दिवसातला तेवढाच वेळ ती बसलेली असायची.

बाकीचा वेळ आप्पांचा. आप्पांनी उभा जन्म बस डेपोत काढला होता. गाड्या वेळेवर सोडायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांना धारेवर धरायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर एकदा ओल्या फरशीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्यांची खाट हाच डेपो झाला. दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय त्यांना न्हाणीघरापर्यंतही जाता येत नसे. पण हाक मारून घसा कोरडा करण्यातले ते नव्हेत. कामावरची जुनी शिट्टी त्यांनी उशाशी ठेवली होती. पाणी हवं, शिट्टी. पडदा सरकवायचा, शिट्टी. चहात साखर कमी आहे, लांब शिट्टी. आत्या सकाळी दुकानात गेली की शेजारच्या काकू अधूनमधून डोकावून जात. त्या शिट्टीला दाद देत नसत, म्हणून त्यांच्यावर आप्पांचा राग होता.

आणि आता पाहुणे. पाहुणे कसले, घरचीच माणसं, पण घरच्या माणसांनाही जेवायला लागतंच. आत्याने साठवलेली सगळी रजा दुकानात सांगून टाकली होती. सकाळी दादा सगळ्यांना हाकून बाहेर काढायचा. संध्याकाळी तिघं परत यायची तेव्हा वहिनींचे पाय सुजलेले, चिमणीचं तोंड सुजलेलं, आणि दादा ताजातवाना. “छोटे, आज तू यायला हवी होतीस,” तो आत्याला म्हणायचा. “काय दृश्य होतं!” आत्या भांडी घासता घासता म्हणायची, “हो का? छान.” तिला दृश्यापेक्षा आडवं होण्याची ओढ लागलेली असायची. कमरेत एक कळ बसली होती, ती उठताना वेगळी यायची आणि वाकताना वेगळी.

वहिनींशी तिचं वाकडं नव्हतं, पण फार सूतही नव्हतं. वहिनी परदेशातल्या विमानतळावर कामाला होत्या. हसऱ्या, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. ते हसू जरा इस्त्री केल्यासारखं आहे, असं आत्याला नेहमी वाटे. कधीतरी फोनवर बोलणं व्हायचं ते ‘कशा आहात, बरी आहे’ एवढंच. मग फोन दादा घ्यायचा आणि आप्पांना कसं उठवावं, कसं बसवावं, कुठला व्यायाम द्यावा, हे तिकडून सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण आत्या तेही ऐकून घ्यायची. भांडायलाही अंगात जोर लागतो.

तीन दिवस असे गेले. मग एकदा रात्री जेवताना आप्पा खाटेवरून म्हणाले, “मुलगा सात समुद्र ओलांडून येतो, खाटेशी उभा राहून विचारतो, ‘आप्पा, कसे आहात?’ मी तोंड उघडेपर्यंत गाडी सुटलेली असते.”

सगळे हसले. दादाही हसला. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी चमचा ताटात ठेवला.

“आप्पांचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “अहो, उद्या तुम्ही घरी थांबा. दिवसभर बसा त्यांच्याजवळ.”

“उद्या?” दादाचा घास हातातच राहिला. “उद्या संग्रहालय आहे. मग टॉवर. आणि दुपारी तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात चहा. टेबल राखून ठेवलंय मी!”

“राखलेलंच राहू दे. तुमच्या जागी वन्सं येतील.”

मग आप्पा म्हणाले, “हिला कशाला? हिनं काय गाव बघितलं नाही?”

गंमत अशी की आत्याच्या ओठांवर तेच शब्द होते. ‘मी कशाला’ असं ती म्हणणारच होती. पण आप्पांनी ते तिच्या आधी म्हटलं, आणि का कोण जाणे, तिच्या तोंडून भलतंच निघालं.

“येते,” ती म्हणाली.

सकाळी उठल्यावर तिला पस्तावा झाला. बाहेर जायचं म्हणजे चांगले कपडे काढा, चपला शोधा, केस बांधा. त्यापेक्षा घर रिकामं करून सगळे गेले असते आणि ती एकटी पंख्याखाली पडली असती, तर ती खरी सहल. पण शब्द गेला होता. दादा बाह्या सरसावून उभा होता. “सांग काय काय करायचं ते. एका दिवसाचा तर प्रश्न.”

आत्याने सांगायला सुरुवात केली. गोळी पाण्याबरोबर द्यायची, दुधाबरोबर मागतील, द्यायची नाही. दिली की तोंड उघडून बघायचं, कारण ते ती गालात ठेवतात आणि मग उशीखाली. उठवताना काखेत हात घालायचा नाही, ओरडतात. आधी पाय खाली सोडायचे, मग पाठीला हात. भात मऊ, पण चिकट झाला तर ताट परत येतं. दुपारी झोप लागली की खिडकीबाहेर कुणी बोललं तरी उठतात, म्हणून खिडकी लावायची. पण लावलेली कळली तर गुदमरतं म्हणतात, म्हणून झोप लागल्यावर लावायची. दादा “हो, हो” म्हणत होता. त्याच्या “हो हो”वरूनच आत्याला कळलं की यातलं निम्मंही आत गेलेलं नाही. तिने तोंड मिटलं. म्हटलं, कळेल.

दाराबाहेर पडतात न पडतात तोच आतून शिट्टी झाली. आत्या वळली. वहिनींनी तिचा दंड धरला.

“ती तुमच्यासाठी नाही,” त्या म्हणाल्या.

संग्रहालय बाजारापलीकडच्या मोठ्या चौकात होतं. आत्या रोज त्याच्यावरून दुकानात जायची. पायऱ्या तिला पाठ होत्या, आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. आत शिरल्याशिरल्या एक उंच, गार, अंधारा दिवाणखान्यासारखा हॉल होता आणि छताला तारांनी टांगलेला देवमाशाचा सांगाडा. त्याच्याखाली लांबलचक लाकडी बाक. माणूस जवळजवळ नव्हतंच.

“वा,” वहिनी म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. आत्याही बसली. चिमणी कानात गाणी लावून पुढे गेली. ती आता कॉलेजात जायच्या वयाची झाली होती, पण नाव चिमणीच.

दोघी देवमाशाच्या बरगड्यांकडे बघत बसल्या. आता उठायचं, पुढच्या दालनात जायचं, हे दोघींनाही माहीत होतं. आत्या वाट बघत होती वहिनी उठायची. पाहुण्याआधी आपण कसं उठायचं? वहिनी वाट बघत होत्या आत्या उठायची. गाव तिचं होतं. असा बराच वेळ गेला.

“वन्सं,” वहिनी शेवटी हळूच म्हणाल्या, “एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांगा की.”

“मला काही बघायचं नाहीये.”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर इस्त्रीचं हसू नव्हतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ती तिला आधी दिसलीच नव्हती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवणारी बाई, पण घरातल्या माणसाचे डोळे बघायचे राहून गेले होते.

“मग काय करायचंय?”

“काही नाही. बसायचंय. कुणी काही विचारू नये आणि मी कुणाला काही सांगू नये.” वहिनींनी चपला काढल्या आणि पाय गार फरशीवर टेकले. “तुम्हाला माहितीये मी काय काम करते? विमानतळावर हरवलेल्या सामानाची एक खिडकी असते. त्या खिडकीत मी. ज्याची बॅग येत नाही तो माझ्याकडे येतो. जणू मीच खाल्लीय त्याची बॅग. दिवसभर लोक ओरडतात आणि मी हसते. नोकरीच हसण्याची. घरी गेले तरी तोंड सरळ व्हायला वेळ लागतो.”

“दादा कधी बोलला नाही.”

“त्यांना वाटतं विमानतळावर म्हणजे मजाच.” वहिनींनी पायाची बोटं फरशीवर ताणली. “दर वेळी इथून परत जाताना मी विमानात रडते. हे माझा हात हातात घेतात, म्हणतात, समजतं मला, घर सोडताना जड जातंच. त्यांना काय सांगू? मी दमून रडते हो.”

आत्याला हसू आलं. ते आवरायला गेली तर जास्तच आलं. वहिनींनाही आलं. देवमाशाखाली दोन पोक्त बाया तोंडावर हात धरून गदागदा हसल्या, आणि हसणं ओसरलं तसं अंगातलं उरलंसुरलं बळही ओसरलं. आत्याने डोकं मागे भिंतीला टेकलं. क्षणभरच, असं म्हणून डोळे मिटले.

“बाई. ओ बाई.”

खाकी कपड्यांतला पहारेकरी समोर उभा होता. आत्या दचकून उठली, आणि पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे “आले, आप्पा!” म्हणाली. शेजारी वहिनींची मान तिच्या खांद्यावर पडली होती.

“इथे झोपायला मनाई आहे,” पहारेकरी म्हणाला.

वहिनींनी डोळे उघडले. खिडकीतलं हसू तत्काळ जागेवर आलं. “आम्ही झोपलो नव्हतो. डोळे मिटून बघत होतो.”

पहारेकऱ्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मग स्वतःच एक लांब जांभई दिली. “पलीकडे नाण्यांच्या दालनात कुणी येत नाही,” तो म्हणाला आणि निघून गेला.

त्या मात्र तिथे गेल्या नाहीत, कारण तेवढ्यात चिमणी आली. तिचा चेहरा खुलला होता. “आई, वर किती मस्त आहे! मी सगळं बघितलं. दोनदा.”

“तुला तर कंटाळा येतो ना?”

“बाबा समजावून सांगतात ना, त्याचा येतो,” चिमणी म्हणाली. “आज कुणी काही सांगितलंच नाही.” मग तिने फोन पुढे केला. त्यात देवमाशाखाली तोंड उघडं टाकून झोपलेल्या दोघींचा फोटो होता. “हा बाबांना दाखवू नको ना?”

“दाखवलास तर बघ,” वहिनी म्हणाल्या.

टॉवरचं नाव कुणी काढलं नाही. बाहेर ऊन रणरणत होतं. तिघी रिक्षा करून सरळ तळ्याकाठच्या हॉटेलात गेल्या, टेबलाच्या वेळेच्या किती तरी आधी.

या हॉटेलात आत्याला लहानपणी आत सोडत नसत. दादा आणि ती कुंपणाच्या जाळीला नाक लावून आतल्या पांढऱ्या टेबलांकडे बघत, तेवढंच. आता वेटरने खुर्ची मागे ओढून धरली तर आत्याला बसायचं कसं तेच कळेना. तो सरकवणार कधी आणि आपण टेकायचं कधी. शेवटी ती धपकन बसली. समोर तळं लकाकत होतं. किटली आली, तीन मजली तबकात पावाचे नाजूक तुकडे आणि केक आले. चिमणीने वरच्या मजल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्याने केलेला चहा. आत्याने पहिला घोट घेतला आणि तो तोंडात धरूनच ठेवला. साखर कमी होती की जास्त, हे तिच्या लक्षातही आलं नाही. कुणीतरी तिच्या पुढ्यात आणून ठेवला होता, आणि तो गरम होता. घरी तिचा चहा नेहमी ओट्यावर निवत पडलेला असायचा.

पण सवय वाईट. वहिनींचा कप रिकामा झाला तसा तिने तो उचलून आपल्या कपात ठेवला, बशा एकावर एक रचल्या, चमचे गोळा केले आणि ती उठायला लागली. वेटर लगबगीने धावला. वहिनींनी तिचं मनगट धरलं.

“वन्सं. बसा.”

“हाताला सवय झालीय हो.”

“मला दिसतं ना. तीन दिवस बघतेय. तुम्ही बसून जेवला नाहीत एकदाही. ओट्याशी उभ्यानं दोन घास, की शिट्टी.”

त्या शब्दांत काही विशेष नव्हतं. पण ‘मला दिसतं’ असं आत्याला कुणी फार दिवसांत म्हटलं नव्हतं. तिने बशा खाली ठेवल्या. दोन्ही कप पुन्हा वेगळे केले, आणि मग जे तोंडून बाहेर आलं ते आपण कधी उच्चारू असं तिला वाटलं नव्हतं.

“वहिनी, मला आप्पांचा कंटाळा आलाय.”

बोलली, आणि घाबरली. आता वीज पडेल असं वाटलं. चिमणी केक खात होती. तळ्यावर एक होडी वळत होती.

“येणारच,” वहिनी म्हणाल्या, आणि तिच्या कपात चहा ओतला.

मग आत्या बोलत राहिली. आप्पा वाईट नाहीत, म्हणाली. लहानपणी खांद्यावर बसवून डेपोत न्यायचे, सगळ्या गाड्या दाखवायचे. पण आता दुकानात भिंग घासताना कुणी रस्त्यावर शिट्टी मारली तरी हातातलं भिंग सुटतं. झोपेतही ऐकू येते. कधीकधी न्हाणीघरात दार लावून ती उगीच नळ सोडून बसते. पाणी वाया जातं, पण तेवढी दोन मिनिटं शिट्टी ऐकू येत नाही. आणि फोनवर दादा म्हणतो, ‘त्यांच्याशी जरा प्रेमाने वाग.’ वहिनी मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. ऐकण्याचीच तर त्यांना सवय होती. फरक एवढाच की आज त्या हसत नव्हत्या.

सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात डोंगरावर जायचं ठरवलंय यांनी. दोन खोल्या घेतल्यात, हिंडायला गाडी सांगितलीय. आम्ही नाही जाणार. तुम्ही जा.”

“मी? एकटी? आणि आप्पा?”

“त्यांचा मुलगा आहे की. सून आहे, नात आहे. तीन माणसं मिळून एका माणसाला सांभाळू शकत नसू, तर तुम्ही एकटीनं कसं सांभाळलंत ते तरी कळेल आम्हाला.”

आत्या “नको, नको” म्हणाली. वहिनींनी वाद घातला नाही. किटलीतला उरलेला चहा तिघींत वाटून घेतला, आणि ऊन उतरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

घरी परतल्या तर घर चिडीचूप. स्वयंपाकघरात जळक्या भाताचा वास कोंडला होता. पातेलं मोरीत भिजत पडलेलं, ओट्यावर दूध सांडून वाळलेलं, फरशीवर दोन ओले टॉवेल. चपला न काढताच ती आतल्या खोलीत धावली.

आप्पा खाटेवर टक्क जागे बसले होते. खाली, खाटेच्या पायाशी, नुसत्या फरशीवर दादा आडवा पडला होता. सदरा भिजलेला, तोंड उघडं, एक हात डोळ्यांवर. घोरत होता.

आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. “शूऽऽ,” ते कुजबुजले. “हळू. आत्ता कुठं डोळा लागलाय. फार दमला गं पोरगा.”

आत्या दारातच थांबली. आप्पांना कुजबुजता येतं हे तिला आजच कळत होतं. दादाच्या अंगावर त्यांनी आपली शाल टाकली होती. वाकता येत नाही तरी कशी टाकली कोण जाणे. ते बघून तिला गहिवरून यायला हवं होतं. आला तो राग, पोटातून, संथपणे, उतू जाणाऱ्या दुधासारखा.

“आणि मी दमते तेव्हा, आप्पा?”

आप्पांनी वर पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. “तू? तू कुठं दमतेस?” ते म्हणाले, आणि वाईट असं की त्यात टोमणा नव्हता. ते खरंच कौतुकाने बोलत होते. “तू माझ्यासारखी आहेस. तुला कधी दमलेली बघितलीच नाही मी.”

“तुम्ही शिट्टी वाजवता तेव्हा मी उभी असते. म्हणून दिसत नाही.”

“मग सांगायचंस.”

“आता सांगतेय.”

आप्पांनी मान खिडकीकडे वळवली. हनुवटी थरथरत होती. रागाने की आणखी कशाने, ते आत्याने बघायचं टाळलं. आज तिला तेही बघायचं नव्हतं.

बोलण्याने दादा जागा झाला. उठून बसला, डोळे चोळले आणि सगळ्यांकडे असा बघू लागला की जणू त्याचीच बॅग हरवलीय. तरी खोड जात नाही. “कशी झाली सहल?” त्याने विचारलं. “संग्रहालय झालं? टॉवरवर गेलात?”

“गेलो की,” वहिनी बिनदिक्कत म्हणाल्या.

“वरून आपलं घर दिसलं?”

“दिसलं. छान दिसलं. हो ना, वन्सं?”

“हो,” आत्या म्हणाली. “छप्पर दिसलं.”

“टॉवर बंद आहे,” खिडकीकडे तोंड करूनच आप्पा म्हणाले. “गेल्या वर्षापासून. जिना पडलाय. पेपरात आलं होतं.”

आत्या रोज त्या टॉवरखालून जायची, पण मान वर करून बघायची सवड कुणाला होती? दादाने बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे. चिमणीला हसू आवरेना; ती तोंड फिरवून उभी राहिली. आता दादा बोलणार, टेबल राखण्यापासून तिकिटांपर्यंत सगळं काढणार, असं आत्याला वाटलं. पण त्याच्यातही तेवढं त्राण उरलं नव्हतं. त्याने पाठ खाटेला टेकली.

“छोटे,” तो म्हणाला, “हे रोज असंच असतं?”

“आज तू गोळी दिलीस का?”

“दिली. बहुतेक.”

“उशीखाली बघ.”

दादाने उशीखाली हात घातला. गोळी तिथेच होती.

त्या संध्याकाळी भाताचं पातेलं दादाने घासलं. नीट घासलं नाही. तळ काळाच राहिला. आत्याने तो पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला नाही. तिला ते अवघड गेलं.

डोंगरावर ती गेली. जाताना नाही नाही म्हणत, शंभर सूचना करत. वहिनींनी शेवटी बसचं दार बाहेरून लोटून दिलं. घरी मागे फार सुरळीत झालं असं नाही. आप्पांनी शिट्टी दामटली, दादा एकदा चिडून गच्चीत जाऊन बसला, वहिनींनी सासऱ्यांना खिडकीतलं हसू दाखवलं आणि सांगितलं, “एक शिट्टी झाली की मी येईन. दुसरी झाली की ऐकू येणार नाही.” आप्पा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण चिमणीने त्यांना गाड्यांच्या गोष्टी विचारल्या तशी संध्याकाळी कळी खुलली. दादाने सकाळच्या कामांना एक बाई शोधायला घेतली. पहिलीला आप्पांनी तासाभरात पळवलं. दुसरी बघायला दादा स्वतः दोन दिवस हिंडला. या खेपेला गाव त्याने असंच बघितलं.

हे सगळं तो फोनवर सांगत होता. आत्या पलंगावर आडवी होती. जिभेवर तीन-चार सल्ले आले होते, तिने ते गिळले.

“बरं,” ती म्हणाली. “कर तू.”

“आणि तू तिथला सूर्योदय बघितलास का? त्यासाठीच ती खोली घेतली होती.”

“बघितला.”

“कसा होता?”

“लाल होता,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. आल्यापासून तिने पडदाही उघडला नव्हता. जेवायची, झोपायची, जागी व्हायची, आपण कुठे आहोत ते आठवायची आणि कूस बदलून पुन्हा झोपायची. थकवा काही संपला नव्हता. उलट आता सावकाश अंगातून वर येत होता, एकेका सांध्यातून, इतके दिवस कुठे दडून बसला होता कोण जाणे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दादाने सांगून ठेवलेल्या गाडीचा ड्रायव्हर होता.

“बाई, निघायचं ना? कालही तुम्ही आला नाहीत. धबधबा आहे, गुहा आहे, बघण्यासारखं पुष्कळ आहे.”

आत्याने उशीवरून मान उचलली, दाराकडे पाहिलं.

“तुम्ही सकाळी किती वाजता उठलात हो?” तिने विचारलं.

“पहाटेच, बाई. रोजचंच आहे.”

“मग असं करा. गाडी सावलीला लावा, सीट मागे करा आणि झोपा. कुणी विचारलं तर सांगा, बाई धबधबा बघतायत.”

ड्रायव्हर हसल्याचं तिला ऐकू आलं. मग पावलं दूर गेली, गाडीचं दार उघडून मिटलं. आत्याने पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.